स्पीकरला उतार, माणसाला पायऱ्या

पुन्हा फ्लेक्स लागले. कॉलेज रोडच्या सिग्नलला लागले, द्वारका चौकात लागले, आमच्या उपनगरच्या नाक्यावर भाजीवाल्याच्या डोक्यावरसुद्धा लागले. खांद्यावर शालीची घडी टाकून डोळे मिटून बसलेली माणसं, खाली कार्यक्रमाचं नाव, त्याहून मोठ्या अक्षरांत प्रायोजक आणि सगळ्यांत मोठे शुभेच्छुकांचे चेहरे. नाशिकची थंडी अशीच येते. आधी फ्लेक्स, मग स्वेटर, मग द्राक्षं. नळाचं पाणी बोटांना चावायला लागलं आणि मागच्या वस्तीतल्या बंबांचा धूर आमच्या जिन्यात साचायला लागला, की पप्पा कॅलेंडर उतरवून मांडीवर घेतात. डायलिसिसचे दिवस लाल पेनाने गोल केलेले, मधले दिवस कोरे. कोरा दिवस आणि फ्लेक्सवरची तारीख जुळली की बाहेरच्या खोलीतून हाक येते, "बाई, जमतंय."

बाई म्हणजे माझी आई. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, आणि लग्नापासून पप्पा तिला बाईच म्हणतात. ती स्वयंपाकघरातून विचारते, कुठं? पप्पा सभागृहाचं नाव सांगतात. त्या सभागृहाच्या पायऱ्या मला पाठ आहेत.

हे दिवस लोकांना आवडतात. मलाही आवडायचे. आता फ्लेक्स दिसला की मी आधी गायक कोण ते बघत नाही, ठिकाण बघते.

पप्पा ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. आयुष्यभर त्यांनी विमानाच्या पोटात हात घातला, पण विमानात बसले नाहीत. त्यांच्या विभागात भिंतीवर एक फळी होती. तिच्यावर प्रत्येक पान्याची, पकडीची, हातोडीची बाह्यरेषा रंगवलेली. हत्यार घ्यायचं तर आपल्या नावाचं पितळी टोकन त्या जागी अडकवायचं, काम झालं की हत्यार ठेवून टोकन परत घ्यायचं. शिफ्ट सुटताना फळीवरची एक आकृती जरी रिकामी दिसली तरी कुणी घरी जायचं नाही, कारण हरवलेला पाना विमानात राहिला असला तर? आणि दुसरा नियम असा, की माझ्या टोकनवर घेतलेलं हत्यार मी दुसऱ्याच्या हातात देणार नाही. मीच आणलं, मीच परत नेणार.

कारखाना सुटला, फळी सुटली नाही. आमच्या कपाटाच्या दाराला आतून पांढरा रंग आहे आणि त्यावर पप्पांनी काळ्या रंगाने आकृत्या काढल्यात. औषधांचा डबा, लहान थर्मास, आईची गुडघ्याखाली घ्यायची उशी, शाल, छत्री. सगळं खिळ्यांना टांगलेलं. बाहेर पडताना वस्तू उतरवायच्या, परत आल्यावर चहाच्या आधी टांगायच्या. माझे मित्रमैत्रिणी घरी आले की ते दार उघडून दाखवायचा पप्पांचा रिवाज आहे. आई म्हणते, "माझीपण आकृती काढून ठेवा एक. कुठं हरवले तर कळेल."

आईला संधिवात आहे. तिची बोटं आता सगळी एका बाजूला झुकलीत, जोराचा वारा सुटल्यावर गवत झुकतं तशी. खडू धरून आयुष्य काढलेल्या बाईला पोळी लाटता येत नाही. टाळी वाजवता येत नाही. गुडघ्यांचं तर विचारू नका. आणि पप्पांच्या मूत्रपिंडांनी काम थांबवलंय. साखरेने त्यांच्या पायांतलं बळही नेलं. घरात वॉकर, बाहेर चाकाची खुर्ची. पाणी मोजून, चहा मोजून, आणि द्राक्षांच्या गावात राहून द्राक्षं मोजून.

एक दिवसाआड यंत्राला जोडून घ्यायचं म्हणजे सुट्टी फार तर एका दिवसाची. पहिले काही महिने दोघं त्या मधल्या दिवशी नुसती झोपून असायची. मग एका सकाळी पप्पांनी कपाट उघडून सगळ्या वस्तू खाली काढल्या आणि म्हणाले, यंत्राने एक दिवस घेतला की एक दिवस आपला. तेव्हापासून ही दोघं हिंडतात. माझा मावसभाऊ त्याची गाडी देतो, मी चालवते.

सायखेड्याला पप्पांचे कारखान्यातले दोस्त आहेत, मोरेकाका. नदीकाठी त्यांचं शेत. गेल्या थंडीत आम्ही तिथे हरभऱ्याचा हुळा खायला गेलो होतो. गोवऱ्यांच्या विस्तवावर ओली झाडं उलटीपालटी केली, की घाटे तडतडतात आणि हिरवा वास एकदम काळा होतो. गोदावरीवर धुकं होतं, पलीकडच्या काठावर कुणीतरी पंप सुरू केला होता. पप्पा खुर्चीत बसून घाटे सोलत होते. त्यांना खायला मूठभरसुद्धा परवानगी नव्हती. आईला सोलता येत नव्हते. म्हणून ते सोलत होते आणि ती खात होती, दोघांचे ओठ मात्र काळे. मी विचारलं, पप्पा, तुमचे कसे काळे? तर आई म्हणाली, "चोरून खातोय माणूस, आणि तोंड पुसायची अक्कल नाही." मोरेकाका हसता हसता खोकले.

हरसूलला आईची पहिली नोकरी होती. आठवडे बाजाराच्या दिवशी तिला जायचंच होतं. थंडी अशी की रस्त्याच्या कडेच्या शेकोट्यांभोवती माणसं नाहीत, नुसत्या घोंगड्या बसल्यात असं वाटावं. गाडी बाजाराच्या तोंडाशीच अडकली. पुढे खुर्ची जाईना, आईचे गुडघेही जाईनात. मग बाजारच गाडीपाशी आला. नागली, खुरासणी, वाळलेली मासळी. एका म्हातारीने काचेतून आत डोकं घातलं, आईला ओळखलं आणि म्हणाली, "बाई, लय वाळल्या तुम्ही. आन् सरांना बसवून का ठेवलंय?" पप्पा कधीच सर नव्हते. तरी ते म्हणाले, शिक्षा झालीये. ती म्हातारी आईच्या झुकलेल्या बोटांवरून हात फिरवत राहिली आणि पैसे न घेता खुरासणीची पुडी टाकून गेली. परतीच्या वाटेवर आईने ती पुडी मांडीवर धरून ठेवली. मग म्हणाली, तिच्या पोरीला मी मारलं होतं एकदा, पाढे येत नव्हते म्हणून, आणि ती पुडी देते.

नातेवाइकांना हे हिंडणं खटकतं. आत्या फोनवर म्हणते, अशा तब्येतीत कशाला दगदग. आईचं उत्तर ठरलेलं. घरात बसून बरं वाटलं असतं तर सोफ्यालाच डॉक्टर म्हटलं असतं. मला आत्याचा राग येत नाही, ती बिचारी घाबरते. मला राग येतो तो दुसऱ्या प्रकारच्या माणसांचा. "तुमचे आईवडील किती पॉझिटिव्ह आहेत!" म्हणजे काय? ह्या शहरात चाकाच्या खुर्चीवरून धड एक फुटपाथ पार करता येत नाही, डायलिसिसला खाट मिळावी म्हणून माणसं पहाटेपासून रांगेत बसतात, आणि त्यातून हे दोघं गाणं ऐकायला पोचले की तुम्ही त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू बघून खूश. हसू त्यांनी घरून आणलंय. तुम्ही काय आणलंत?

गाण्याचं वेड पप्पांचं. आमच्या वस्तीत जयंतीच्या मंडपात पेटी आणि ढोलकी घेऊन रात्र जागवणारी माणसं होती. लहानपणी पप्पा त्या पेटीवाल्याच्या गुडघ्याला टेकून बसायचे, भात्याचा वारा तोंडावर घ्यायला. पुढे त्यांना काहीही चालायला लागलं. गझल, सतार, जुन्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा. अट एकच, समोर बसून ऐकायचं. मोबाइलमध्ये गाणाऱ्याचा श्वास ऐकू येत नाही म्हणतात. तान घेण्याआधी गायिका जो श्वास आत ओढते, तो ऐकायला ते पहिल्या रांगेचा हट्ट धरतात. आईला रागांचं काही कळत नाही, ती माणसं बघायला जाते. टाळीची वेळ आली की ती पप्पांच्या डाव्या हातावर आपला वाकडा पंजा ठेवते.

त्या डाव्या हातात फिस्टुला होता. डायलिसिससाठी हातातली एक शीर आणि एक धमनी एकमेकींना जोडतात, म्हणजे जाड सुया टोचायला जागा होते. रक्त तिथून इतक्या जोरात धावतं की बोट ठेवलं तर कातडीखाली सतत थरथर लागते, आणि कान लावला तर आवाज येतो. घूं. अखंड. हॉस्पिटलात शिकवलं होतं की रोज सकाळी हात लावून बघा, थरथर थांबली तर ताबडतोब या. त्या हातावर दाब नको, त्या हाताने वजन उचलायचं नाही, त्यावर झोपायचं नाही. रोज सकाळी ब्रश करण्याआधी आई त्या हाताला कान लावायची. "लागलाय तानपुरा," म्हणायची. पप्पा विचारायचे, सुरात आहे का? मग ती पाणी तापवायला जायची. आमच्या घराची सकाळ ह्या दोन वाक्यांनी सुरू व्हायची.

आता पायऱ्या.

सभागृहाचं नाव लिहीत नाही. एकाचं लिहिलं की बाकीचे सुटतात. समोर भव्य पायऱ्या, संगमरवरासारख्या दिसणाऱ्या फरशीच्या. त्यांच्या उजव्या अंगाला उतार आहे. मी चळवळीत काम करते; आमच्या गटाने अर्ज करून, पत्रकं वाटून, सह्या गोळा करून तो मागितला होता आणि तो झालाही. उद्घाटनाला नारळ फुटला. आणि दुसऱ्याच कार्यक्रमापासून त्यावर दुचाक्या लागायला लागल्या. हँडलला हँडल अडकवून, ओळीने. उतार असल्यामुळे गाड्या स्टँडवर नीट उभ्या राहत नाहीत, म्हणून कुणीतरी मागच्या चाकांना विटा लावून ठेवल्यात. एवढी मेहनत.

गेल्या थंडीतली ती संध्याकाळ. गायिकेचं नाव मोठं होतं, पप्पा महिनाभर वाट बघत होते. आम्ही पोचलो तेव्हा उतार भरलेला आणि आतून तंबोरे सुरू झालेले. मी गाड्या कुणाच्या म्हणून ओरडत होते. छातीवर बिल्ले लावलेले चार स्वयंसेवक धावत आले. चांगली मुलं होती. म्हणाली, ताई, टेन्शन घेऊ नका, काकांना आपण उचलू. आणि मी वॉचमनशी भांडत असताना त्यांनी उचललंसुद्धा. एकाने उजव्या काखेत खांदा दिला, एकाने डावा हात कोपरापाशी घट्ट पकडला, दोघांनी पाय धरले. पप्पांच्या अंगात जाड स्वेटर होता, फिस्टुला कुणाला दिसणार? आणि पप्पांच्या उजव्या हातात पिशवी होती. तिच्यात डबा, थर्मास, आईची उशी. एक मुलगा म्हणालाही, काका, पिशवी द्या माझ्याकडे. पप्पांनी दिली नाही. आपल्या टोकनवर घेतलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. त्यांनी उजवा हात पिशवीला दिला आणि डावा त्या पोरांना.

माझ्या मागून आई ओरडली होती, तो हात नको. टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. पप्पांना विचारलं तर म्हणतात, गाणं सुरू झालं होतं, कुठं पोरांना थांबवायचं.

त्या संध्याकाळी गायिका फार सुंदर गायली. हे लिहायला मला त्रास होतो, पण खरं आहे. पप्पा पहिल्या रांगेच्या कडेला बसले होते, तिचा श्वास ऐकत. मध्यंतरात त्यांनी थर्मासच्या झाकणात अर्धा चहा ओतून आईला दिला आणि उरलेला वास घेत प्यायले.

सकाळी आईने हाताला कान लावला. पुन्हा लावला. दुसरा कान लावला. मी ब्रश तोंडात घेऊन दारात उभी होते. पप्पांनी नेहमीचं विचारलं, "सुरात आहे का?" आई म्हणाली, "अहो, बंद पडलाय."

पुढचं हॉस्पिटलाचं आहे, ते थोडक्यात सांगते. आत धरलेली रक्ताची गाठ काढायचा प्रयत्न झाला, थरथर परत आली नाही. गळ्यापाशी नळी घातली, तिच्यावर कित्येक आठवडे डायलिसिस. अंघोळ बंद, ताप आला की धावपळ. नवीन फिस्टुला उजव्या हातावर केला. पाना धरणारा, घाटे सोलणारा हात. डॉक्टर शांतपणे म्हणाले, हा जपा, हातावर आता दुसरी जागा नाही. मी विचारलं, त्या संध्याकाळी दाबल्यामुळेच झालं ना? ते म्हणाले, दाब असेल, थंडी असेल, आदल्या दिवशी बीपी उतरलं होतं तेही असेल. एकच कारण सांगता येत नाही.

एकच कारण सांगता येत नाही! मी पत्रकं लिहून लिहायला शिकले. पत्रकाला एक आरोपी लागतो. दोष कुणाचा, मागणी काय, मुदत किती. इथे आरोपी कोण? ती चार मुलं? ती हॉस्पिटलात फळं घेऊन आली होती आणि त्यातला एक तर रडला. दुचाकीवाले? प्रत्येक जण म्हणेल माझी एकच होती. सभागृहवाले म्हणतात उतार दिलाय. उतार दिलाय, हे तर खरंच आहे. मी ज्याच्याशी भांडायला गेले तो प्रत्येक माणूस सभ्य निघाला. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, वडिलांची चौकशी केली. असल्या सभ्यपणावर डोकं आपटून कपाळ फुटतं, त्याचा आवाजसुद्धा येत नाही.

मी पत्रक लिहायला घेतलं. पप्पांच्या हाताचा फोटो काढला, सुकलेल्या टाक्यांचा. वर ठळक अक्षरांत लिहिलं, हा हात बघा. आईने पलंगावर बसून सगळं वाचलं. चष्मा काढला. म्हणाली, तो फोटो काढून टाक. मी म्हटलं, आई, लोकांना दिसल्याशिवाय कळत नाही. ती म्हणाली, "दिसल्यावर काय होतं ते मी रोज बघते. लोक हळहळतील, आणि हळहळून मोकळे होतील. उतार तसाच राहील." मी वाद घातला. तिने मास्तरणीच्या आवाजात संपवला. "त्यांचा हात नको. उतार लिही."

ते पत्रक मी वर्षभर लिहिलं नाही.

आणि आता पुन्हा फ्लेक्स. तीच थंडी, तेच सभागृह. पप्पांच्या उजव्या हातातला नवा तानपुरा आता लागलाय. आई म्हणते जरा खालच्या पट्टीत आहे. आणि कोरा दिवस फ्लेक्सच्या तारखेशी जुळला. मी स्पष्ट सांगितलं, जायचं नाही. पप्पा म्हणाले, पुढारीणबाई, आमची मिरवणूक तुम्ही अडवणार? मी म्हटलं, परत उचलणार तुम्हाला. ते म्हणाले, नाही उचलू देणार. मग कसे जाल? त्यांनी कॅलेंडर परत टांगलं. एवढंच केलं, पण ते टांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि त्या दिवशी घरात कुणी रेडिओ लावला नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात मी उतार बघून यायला गेले. विटांसकट दुचाक्या जागेवर. संताप आवरायला मी इमारतीला एक फेरी मारली. मागच्या बाजूला एक टेम्पो लागला होता. दुसऱ्याच कुठल्या कार्यक्रमाचं सामान चाललं होतं. आणि मी बघत राहिले. टेम्पोच्या तोंडापासून थेट रंगमंचाच्या विंगेपर्यंत एक रुंद, गुळगुळीत, लोखंडी कडा लावलेला उतार. माणसाएवढे काळे स्पीकर ट्रॉलीवर बसून लोण्यातून सुरी जावी तसे आत चालले होते. एक स्पीकर दाराला जरा घासला, तर सगळे "आस्ते, आस्ते" करून थांबले. त्या उतारावर एकही दुचाकी नव्हती.

घरी येऊन मी हे सांगितलं ते तक्रार म्हणून. आवाज चढवून सांगितलं. ह्या शहरात स्पीकरला उतार आहे आणि माणसाला पायऱ्या. पप्पा सरसावून बसले. रुंदी किती? दार कुठल्या बाजूला उघडतं? उंबरा आहे का? मी तक्रार करत होते आणि त्यांना पत्ता सापडला होता. साऊंडवाल्याचा नंबर त्यांनी मोरेकाकांच्या पुतण्याकडून मिळवला. तो म्हणाला, या काका, आमच्या मागून घुसा.

मी म्हटलं, मागच्या दाराने जायचं नाही.

आमच्या घरात दाराचा विषय हलका नाही. ह्याच शहरात एका देवळाच्या दारातून आत जायला मिळावं म्हणून माणसं वर्षानुवर्षं उन्हात उभी राहिली. पणजोबांनी तिथे लाठी खाल्ली असं घरात सांगतात. शाळेच्या पहिल्या दिवशी पप्पांनीच मला गेटवर सोडताना सांगितलं होतं, पुढच्या दाराने जायचं, मान वर करून. आणि आता ते सामानाच्या रस्त्याने जायला तयार? मी हे सगळं त्यांना ऐकवलं. जास्तच ऐकवलं.

पप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "प्रज्ञा, तुझं बरोबर आहे. पण मला गाणं ऐकायचंय. उतार व्हायला दहा वर्षं लागली तर लागू देत. माझ्याकडे एक दिवसाआड एक दिवस आहे."

मी गच्चीवर गेले आणि वाळत घातलेले कपडे उगीच झटकत राहिले. मला अजूनही वाटतं मी बरोबर आहे. तेही बरोबर आहेत. आणि दोघं बरोबर असून सुटतं ते सभागृह, हेच मला सहन होत नाही. पप्पा मागून आत गेले, गाणं ऐकून खूश झाले, की समोरचा उतार कुणाच्या बापाने मोकळा करायचा? सगळे म्हणतील, बघा, सोय आहे की.

त्या रात्री मी पत्रक लिहिलं. हात नाही, फोटो नाही. फक्त दोन उतार.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी पप्पांनी कपाट उघडून सगळ्या वस्तू उतरवल्या. पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली. मागच्या दारापाशी साऊंडवाला पोरगा वाट बघत होता, त्याने ट्रॉली बाजूला केली आणि खुर्चीची मूठ धरली. विंगेत तंबोरे जुळवणं चालू होतं. तो आवाज दारातून बाहेर आला आणि पप्पांचा चेहरा असा झाला की मला दुसरीकडे बघावं लागलं. लहानपणी पेटीवाल्याच्या गुडघ्याला टेकताना तो असाच दिसत असणार. पप्पांनी मागे वळून हाक मारली, "बाई, चला. इथून श्वासच काय, ढेकरसुद्धा ऐकू येईल."

आई म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. मी पुढून येते."

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे गुडघे, त्या पायऱ्या. पप्पा म्हणाले, अहो, कशाला? ती म्हणाली, घरातल्या एकाने तरी पुढून जायला पाहिजे, नाहीतर ही पोरगी आठवडाभर जेवणार नाही. आणि मला म्हणाली, चल गं, कागद आणलेस ना?

समोर गर्दी होती. अत्तरं, शाली, मोगरा, सेल्फी. कार्यक्रम सुरू व्हायला थोडाच वेळ उरलेला, सगळ्यांना आत जायची घाई. मी वाटेत उभी राहून पत्रकं पुढे करत होते आणि लोक मला चुकवून जात होते, जसं देणगी मागणाऱ्याला चुकवतात. आईने कठडा धरला. डावा पाय वर, मग उजवा ओढून त्याच पायरीवर. थांबली. पुन्हा डावा. पदर नीट केला. कठड्याच्या बाजूने तिने वाट धरली होती, पण ती जरा मधल्या बाजूला सरकली, असं मला वाटलं. तिच्यामागे एक जण थांबला, मग चार, मग सगळ्या पायऱ्याच थांबल्या. मागून कुणीतरी म्हणालं, काकू, जरा बाजूला होता का? आई वळली नाही. पुढची पायरी तिने आणखी सावकाश घेतली. मी खाली बाजूला उभी होते, तिला हात द्यायला निघाले.

तिने मला डोळ्यांनीच थांबवलं.

"मला काय धरतेस? दे ना कागद. थांबलेत तोवर दे."

मग मी देत गेले. पायरीवर अडकलेल्या प्रत्येकाच्या हातात. माणूस उभा असला आणि पुढे जाता येत नसलं की हातातलं वाचतो. बऱ्याच जणांनी वाचलं. एकाने वाचून उताराकडे मान वळवली, त्या दुचाक्यांत बहुधा त्याची होती, कारण तो एकदम शालीत तोंड लपवून मोबाइल बघायला लागला. एका बाईने पत्रक घडी घालून पर्समध्ये ठेवलं. दोघांनी ते तिथेच टाकलं, ते मी उचलून पुढच्याला दिलं. गाडी कुणीही हलवली नाही. हेही लिहून ठेवते.

आई वर पोचली तेव्हा तिच्या कपाळावर ऐन थंडीत घाम होता. आतून पप्पांच्या खाकरण्याचा आवाज आला, जागा धरून ठेवली होती त्यांनी. दारात तिने कठडा सोडला, खाली पायऱ्यांकडे पाहिलं, भरलेल्या उताराकडे पाहिलं, आणि आत जाता जाता मला म्हणाली,

"थोडे कागद शिल्लक ठेव. उतरताना मला जास्त वेळ लागतो."